रक्तमोक्षणातील रक्ततुषार व वैद्याची सुरक्षितता

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत कूलंट व यंत्रतेलाशी सतत संपर्क येणाऱ्या कामगारांत विचर्चिका वारंवार आढळते. अशा रुग्णांत जलौकावचरण व सिरावेध उपयुक्त ठरतात. मात्र या कर्मांत रुग्णाइतकेच वैद्य व परिचारक यांचेही रक्षण आवश्यक आहे.

रक्ताचे कण दोन प्रकारे उडतात. वेगवान ड्रिल, करवत व विद्युत्-दहन यांमुळे सूक्ष्म कण हवेत तरंगतात. तर मोठे थेंब जवळच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर उडतात. एचआयव्ही तसेच हिपॅटायटिस बी व सी यांचा संसर्ग अशा तरंगत्या कणांतून श्वासावाटे झाल्याचे सिद्ध झालेले नाही. खरा धोका सुईची जखम आणि डोळे, नाक व तोंड यांवर उडणारे थेंब यांचा आहे. बाधित रक्ताच्या सुईमुळे एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, तर श्लेष्मल त्वचेवरील संपर्काने सुमारे ०.०९ टक्के असतो. लस न घेतलेल्यास सुईमुळे हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के आहे. हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस जिवंत राहतो.

आपल्या कर्मांत थेंब उडण्याचे क्षण ठरावीक आहेत : सिरावेधातील पहिली धार, अलाबू किंवा कप काढणे, जलौकेचे वमन आणि उपकरणे घासणे. पुच्छाकडून मुखाकडे जलौका पिळताना वैद्याचा चेहरा अगदी जवळ असतो. म्हणून वमन पसरट भांड्यात, खाली धरून, हळूहळू करावे. चष्मा पुरेसा नाही; बाजूने बंद गॉगल अथवा फेस शील्ड, मास्क व हातमोजे वापरावेत. वाग्भटांनी वापरलेली जलौका सात दिवस पुन्हा न लावण्यास सांगितले आहे. आज मात्र एका रुग्णाची जलौका दुसऱ्यास कदापि लावू नये.

डोळ्यात रक्त गेल्यास स्वच्छ पाण्याने वा सलाईनने भरपूर धुवावे. मध, त्रिफळा क्वाथ किंवा जंतुनाशक घालू नये. शक्यतो दोन तासांत, कमाल ७२ तासांच्या आत, एआरटी केंद्र असलेल्या शासकीय वा महापालिका रुग्णालयात जावे. प्रतिबंधक औषधे २८ दिवस घ्यावी लागतात. लस न घेतलेल्यांनी हिपॅटायटिस बीसाठी इम्युनोग्लोब्युलिन व लस शक्यतो २४ तासांत घ्यावी.

जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार या कचऱ्याशी संबंध येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे बंधनकारक आहे. हिपॅटायटिस बीची लस ०, १ व ६ महिन्यांनी घेऊन, शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावी. सफाई करणाऱ्या मावशींनाही यातून वगळू नये.

औषध दुकानदारांनी गॉगल, लस व सोडियम हायपोक्लोराइट उपलब्ध ठेवावे. ५ टक्के द्रावणाचा एक भाग व पाण्याचे चार भाग यांतून १ टक्का द्रावण होते. ते रोज ताजे करावे व सांडलेल्या रक्तावर कापड टाकून १० ते २० मिनिटे ठेवावे.

भोसरीतच १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच परिसरातील आपल्या चिकित्सालयांत रक्तमोक्षणाच्या पूर्वकर्मात वैद्याच्या डोळ्यांचे रक्षणही समाविष्ट व्हावे.