गाजर खा, पण चष्मा जाईल म्हणून नको

‘डॉक्टर, मुलीला रोज गाजराचा रस देतोय. नंबर उतरेल ना?’ दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आहे, नाही. नंबर डोळ्याच्या ठेवणीमुळे लागतो, तिथे गाजराचं काही चालत नाही.

गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं. ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात. ही कमतरता गाजराने भरून निघायला मदत होते. पण कमतरता नसेल, तर नजर जास्त तीक्ष्ण होत नाही. तसा समज पसरायला दुसरं महायुद्धही कारणीभूत आहे. आपले वैमानिक गाजर खाऊन रात्री शत्रूची विमानं टिपतात, अशी हूल ब्रिटनने उठवली होती. खरी करामत विमानांत बसवलेल्या रडारची होती!

गाजराची लागवड हजारएक वर्षांपूर्वी मध्य आशियात, आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या पट्ट्यात सुरू झाली. तेव्हाची गाजरं जांभळी आणि पिवळी. केशरी वाण युरोपात नंतर रुजलं, सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये बहरलं. रंगाप्रमाणे गुणही बदलतात. जांभळ्या-काळ्या गाजरात अँथोसायनिन, आपल्याकडच्या हिवाळी लाल गाजरात लायकोपीन, तर केशरी गाजरात बीटा कॅरोटीन भरपूर.

बीटा कॅरोटीन तेला-तुपात विरघळतं, म्हणून नुसत्या रसापेक्षा कोशिंबीर बरी. किसलेल्या गाजरात दाण्याचं कूट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी, एवढा स्निग्धांश पुरतो. गाजर वाफवलं, तर बीटा कॅरोटीन आणखी सहज शोषलं जातं. रस गाळताना मात्र चोथा वाया जातो. 100 ग्रॅम गाजरात जवळपास 3 ग्रॅम तंतू असतात. मधुमेहींना गाजर वर्ज्य नाही, हलव्यातली साखर जपून.

फार गाजर खाल्ल्याने तळहात-तळपाय पिवळट दिसू लागतात. आरशात डोळे पाहा. पांढरा भाग पांढराच असेल तर बहुधा गाजराचाच रंग, खाणं कमी केल्यावर काही आठवड्यांत उतरतो. डोळेही पिवळे असतील तर कावीळ असू शकते, लगेच तपासून घ्या.

बीटा कॅरोटीनच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. धूम्रपान करणाऱ्यांत त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचं आढळलं आहे. आणि मूल संध्याकाळी अडखळत असेल, तर गाजराच्या भरवशावर न राहता डोळे तपासा. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो, तो चुकवू नका.