कठियाची कणीक ज्याला झेपेल तोच मिक्सर घे

अगं, आज रात्री काहीही मागवू नकोस. मोबाईलवर ‘सूट संपायला दोन तास’ असं दिसत असेल, तरी नको. सूट परत येते, दिवाळीला तर येतेच येते. तुझा स्टँड मिक्सर गेला आणि परवा वाढदिवसाच्या केकची ऑर्डर आहे, म्हणून जीव खालीवर होतोय, हे मला कळतं. पण तो केक हातातल्या बीटरवर निघेल. लोणी-साखर फेटायला, क्रीम उभं करायला स्टँड मिक्सरवाचून अडत नाही. अडतं ते पावाच्या कणकेपाशी, आणि तुझा मिक्सर गेला तोही कणकेपायीच.

तूच सांगितलंस ना, आधी यंत्राचं डोकं तापायचं, मग जळका वास यायचा, शेवटी हुक अडकून सगळं यंत्र ओट्यावर सरकायला लागलं. क्रीम फेटताना असं एकदाही झालं नव्हतं. आणि तुझी कणीक नुसत्या मैद्याची कुठे असते? निम्मा कठिया असतो तिच्यात. झाशी जिल्ह्यातल्या तुझ्या मोठ गावच्या लोकांना तुझा पाव आवडतो तो त्यासाठीच. झाशीत कुठल्याही बेकरीत तसा पाव मिळत नाही, हे मी बहीण म्हणून नाही, खाणारी म्हणून सांगते.

कठिया हा आपल्या बुंदेलखंडाचा गहू. 2024 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे त्याचा दलिया करतात. जगात हीच जात ड्यूरम म्हणून ओळखली जाते आणि तिचा पास्ता होतो. दाणा टणक, प्रथिनं भरपूर, पण कणीक ताणली की लांबत नाही, तुटते. पीठ पाणी सावकाश पितं, म्हणून पहिली पाच मिनिटं गोळा दगडासारखा राहतो. मैद्याच्या मऊ कणकेचा हिशेब धरून बनवलेल्या यंत्राला आपण हा गोळा देतो आणि ते जळलं की कंपनी बदलायचा विचार करतो. कंपनी बदलून तेच दुखणं परत घरी येईल.

हे दुखणं आपल्या देशाला नवं नाही. सुमीत मिक्सर आठवतो ना, आईच्या ओट्यावरचा? सत्यप्रकाश माथुर मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नीकडे, माधुरीताईंकडे, ब्राउनचा जर्मन मिक्सर होता. आपल्याकडचं वाटणघाटण करताना त्याची मोटर जळली. तेव्हा त्या घराने दुसरा जर्मन मिक्सर शोधला नाही. आपल्या स्वयंपाकघरात यंत्राला नेमकं काय सोसावं लागतं ते बघून माथुरांनी जास्त दणकट मोटरचं यंत्र बांधलं, आणि 1963 मध्ये सुमीतची कंपनी उभी राहिली. तुला कारखाना काढायचा नाही, पण प्रश्न त्यांनी विचारला तोच विचार. माझ्या घरात या यंत्राला रोज काय करावं लागणार आहे?

आता वॅटचं सांगते, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. वॅट म्हणजे यंत्र तारेतून किती वीज खातं. त्यातली किती कणकेपर्यंत पोचते ते खोक्यावर नसतं. किचनएडचं 4.8 लिटरचं यंत्र 300 वॅटचं आहे आणि बाजारात सात-आठ हजारांना मिळणारी कित्येक यंत्रं हजार-दीड हजार वॅट मिरवतात. म्हणून ती चारपट ताकदीची होत नाहीत. कणकेला वेग नको असतो, कमी वेगावर न अडखळता फिरत राहणारा जोर हवा असतो. तो येतो गिअरमधून, मोटरच्या घडणीतून आणि यंत्राच्या वजनातून. दुकानात गेलीस की यंत्र उचलून बघ. हलकं असेल तर कणीक मळताना ते नाचणार.

त्यापेक्षा माहितीपुस्तिका उघड आणि दोन आकडे शोध. एक, एका वेळी किती ग्रॅम पीठ चालतं. चांगल्या पुस्तिकेत मैद्याचा आकडा वेगळा आणि आट्याचा वेगळा, कमी, दिलेला असतो. दुसरा, सलग किती मिनिटं मळायचं आणि मग किती वेळ थांबायचं. जिथे पिठाचा आकडाच नाही, नुसतं ‘भांडं 6.5 लिटर’ लिहिलंय, ते यंत्र तुझ्यासाठी नाही. तू एका वेळी एक किलो पीठ भिजवतेस, त्यात सहाशे-साडेसहाशे मिली पाणी, म्हणजे सोळाशे ग्रॅमच्या वरचा गोळा झाला. निम्मा कठिया धरून हे ज्या यंत्राला झेपतं असं पुस्तिका म्हणते, तेच घे. नाहीतर दोन घाण्यांत मळायची तयारी ठेव. त्यात कमीपणा काही नाही.

पण म्हणून सगळ्यात मोठं भांडंही घेऊ नकोस हं. तुझ्याकडे केकच्या ऑर्डरी बहुतेक अर्ध्या किलोच्या असतात. मोठ्या भांड्याच्या तळाशी दोनशे मिली क्रीम ओतलंस तर व्हिस्क नुसतं वरून फिरत राहतं. साडेचार-पाच लिटरचं भांडं तुझ्या दोन्ही कामांना पुरेल. डोकं मागे कलणारं यंत्र घालायला-काढायला सोपं असतं. भांडं वर चढणारं यंत्र घट्ट कणकेला जास्त स्थिर. किंमत आवाक्यात असेल तर तुझ्यासाठी मी दुसरं म्हणेन. आणि पॅडल स्वतःभोवती फिरता फिरता भांड्याभोवतीही फिरतंय ना, एवढं बघ. अमेरिकेतल्या हर्बर्ट जॉन्स्टन यांनी 1908 मध्ये एका बेकरीवाल्याला लोखंडी पळीने कणीक घाटताना पाहिलं आणि त्यातून हॉबर्ट कंपनीचा बेकरीचा मिक्सर निघाला. त्याच कंपनीने 1919 मध्ये घरगुती किचनएड आणला. भांडं जागेवर आणि पॅडल दुहेरी फिरतं, ही युक्ती आजही चांगल्या यंत्रांत तीच आहे. ज्यात भांडंच नुसतं गोल फिरतं आणि वर हातातला बीटर अडकवलेला असतो, ते कणकेसाठी नकोच.

नवं घेण्याआधी जुनं उघडून घे. मोटर गुरगुरते पण हुक फिरत नाही, तर बहुधा गिअर गेलाय. पुष्कळ यंत्रांत एक गिअर मुद्दाम मऊ धातूचा किंवा नायलॉनचा ठेवतात, म्हणजे जोर जास्त झाला की तो तुटावा आणि मोटर वाचावी. ठिणग्या पडून बंद पडलं असेल तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील, आणि ते स्वस्तात बदलतात. काळा धूर निघाला असेल तर मात्र वाइंडिंग गेलं समज. इथले मिस्त्री त्याला बाइंडिंग म्हणतात, तूही तसंच विचार. दुरुस्ती नव्याच्या तिसऱ्या हिश्शात होत असेल तर करून घे आणि ते यंत्र फक्त क्रीमला ठेव. दोन यंत्रं असली की सणाच्या दिवसांत तुझा श्वास थोडा मोकळा होईल.

न्यू जर्सीच्या मावशीचा फोन तुलाही आला असणार. तिचा मिक्सर नुसता पडून आहे, दिवाळीत येताना आणते म्हणाली. तिची माया मोठी आहे, पण नम्रपणे नाही म्हण. तिकडचं यंत्र 120 व्होल्टचं, आपली वीज 230 ची. थेट लावलंस तर क्षणात जाईल. मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवायचा तर तो जड, तापणारा, शिवाय तिकडची वॉरंटी इथे चालत नाही आणि सुटा भाग झाशीत सापडत नाही. मावशीला म्हणावं, चांगले केकचे साचे आण. ती खूश होईल आणि साच्यांना वीज लागत नाही.

विजेचं नीट ऐक, कारण माझ्या मते तुझ्या यंत्राचा अर्धा जीव तिथे गेला. पारीछाचं वीजघर तुझ्या घरापासून कितीसं लांब! तरी संध्याकाळी तुझ्याकडे दिवे मंद होतात. दाब पडला की मोटर हळू फिरते आणि तिला थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळे तोही हळू फिरतो. इकडे कणीक घट्ट, तिकडे वारा कमी, आणि बाहेर जूनचे पंचेचाळीस अंश. यंत्राने करावं तरी काय? स्टॅबिलायझर घे. हजार वॅटच्या यंत्राला दोन केव्हीएचा लागेल, फ्रिजचा छोटा त्याला जोडू नकोस. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मिक्सर लावूच नकोस, त्यावर मोटर गुणगुणते आणि वेगाचं सर्किट बिघडतं.

आणि कणीक पहाटे मळ. विजेचा दाब चांगला असतो, हवा थंड असते. उन्हाळ्यात पाण्याच्या जागी बर्फाचं पाणी घाल, मळताना कणीक स्वतःही तापते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीठ आणि पाणी हाताने नुसतं एकत्र करून चाळीस मिनिटं झाकून ठेव, मग यीस्ट-मीठ घालून यंत्र लाव. आजी पुरणपोळीची कणीक तिंबून ठेवायची ती उगाच नाही. कठिया तेवढ्या वेळात पाणी पिऊन घेतो आणि यंत्राचं निम्मं काम न मळताच होतं. वेग दोनच्या वर कधी नेऊ नकोस, घाई कितीही असली तरी.

वॉरंटीबद्दल खरं तेच सांगते. या यंत्रांच्या वॉरंटीवर ‘घरगुती वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं आणि तू तर पाव विकतेस. घेण्याआधी दुकानदाराकडून नाही, कंपनीकडून लेखी विचारून घे. बिल तुझ्या नावावर कर, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर नको. पुढे भांडण झालंच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारातून वस्तू वापरली तर तो व्यापारी वापर धरत नाहीत. तक्रार तू राहतेस त्या जिल्ह्यात, म्हणजे झाशीतच करता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लाव.

आणि सर्व्हिस सेंटर झाशीत आहे का, हे मी इथून स्वतः जाऊन बघते. वेबसाइटवर नाव असणं वेगळं आणि दाराचं शटर उघडं असणं वेगळं. तिथे कार्बन आणि गिअर ठेवतात का, का दिल्लीहून मागवतात, तेही विचारते. दोन यंत्रं सारखी वाटली तर ज्याचा भाग झाशीत मिळतो ते घ्यायचं, रंग कुठलाही असो. तुला तो पुदिन्यासारखा हिरवा आवडलाय, मला माहीत आहे.

आता पैशाचं. फोनवर तू दोनदा म्हणालीस, ‘एवढे पैसे माझ्या छंदासाठी कशाला?’ कुणीतरी घरात म्हणालं असेल, हाताने मळता येत नाही का. येतं, बाई. पण आठवड्याला दहा किलो कणीक हाताने मळली की तुझा उजवा खांदा रात्री झोपू देत नाही, हे त्या कुणाला माहीत नाही, मला माहीत आहे. तू गेल्या वर्षी पावाच्या पैशातून मुलाची फी भरलीस. जी वस्तू घराची फी भरते तिला छंद म्हणत नाहीत. सासूबाईंना सांगताना आवाज खाली करू नकोस. आणि हप्त्यावर घ्यायचं असेल तर तेवढंच यंत्र घे, ज्याचा हप्ता मंद महिन्यातही, श्राद्धपक्षात केक कुणी मागत नाही तेव्हाही, भरता येईल.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. येताना दोन किलो तुझं नेहमीचं मिश्रण आण, चाळलेलं. सिपरी बाजारजवळ माझ्या ओळखीची एक बाई घरी पाव करते, तिच्याकडे भांडं वर चढणारं यंत्र आहे आणि तिने हो म्हटलंय. आपण तिच्या यंत्रात तुझी कणीक मळू, वीस मिनिटं यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून किती तापतं ते बघू, आवाज ऐकू. मग दुकानात जाऊ. जुनं यंत्रही पिशवीत घालून आण, इलाइट चौराह्याजवळचा मिस्त्री दुपारी दोनपर्यंतच बसतो.