किती पडले, की कुठे अडलं?

ताई-दादांनो, मागच्या पालकसभेत उत्तरपत्रिका हातात पडल्या आणि तुमची नजर आधी गुणांवर गेली. एका बाबांनी मुलाकडे असं पाहिलं, की ते पोर गुपचूप माझ्यामागे येऊन उभं राहिलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

नियतकालिक मूल्यांकन चाचणी, आपली ‘पॅट’, झाली की आम्ही गुण ऑनलाइन भरतो. हजेरीही आता मोबाइलवरून जाते. हे सगळं फक्त वर पाठवायचं काम, असं मलाही वाटायचं. यंदा मात्र मी गुणांची बेरीज बाजूला ठेवली आणि कोणता प्रश्न कोणाचा चुकला, याचा तक्ता मांडला. 52 वजा 27. वर्गातल्या 28 पैकी 11 मुलांनी उत्तर लिहिलं होतं 35. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन! लहान आकडा वर असो की खाली, मोठ्यातून तो वजा करून मोकळी झाली होती पोरं. अकराही जणं एकाच वाटेने चुकली होती. म्हणजे माझंच शिकवणं कुठेतरी कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं आणि खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात काड्या मागितल्या तर सुट्या दोनच. मग एक मुलगी गठ्ठ्याचा दोरा सोडता सोडता ओरडली, “बाई, हा सोडावाच लागतोय!” चार दिवसांत नऊ जणांना जमलं. दोघांचं दशक-एककच कच्चं निघालं, त्यांना तिथून धरलंय.

वाचनाचंही तसंच. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005पासून ‘असर’ची पाहणी होते. कार्यकर्ते घरी जाऊन मुलाला अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. पाचवीतल्या कितीतरी मुलांना ती गोष्ट वाचता येत नाही, हे त्यातूनच देशाला कळलं. तुम्हीही रात्री जेवणं झाल्यावर पोराला जवळ बसवून एक पान वाचून घ्या. अडखळलं तर रागावू नका, कुठे अडखळलं तेवढं मला सांगा.

सगळंच आकड्यात दिसत नाही, हेही खरं. एका मुलीची दर गुरुवारी गैरहजेरी. हजेरी पाहून कोणीही तिला अनियमित म्हणेल. घरी गेले तेव्हा कळलं, गुरुवारी आठवडी बाजार. आई भाजी घेऊन बसते आणि ही धाकट्या भावाला सांभाळते. धाकटा आता अंगणवाडीत जातो, ही शाळेत येते. मोबाइलने गुरुवार दाखवला, भाऊ दिसला तो उंबऱ्यावर.

आणखी एक. विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ या बारा अंकी ओळख क्रमांकासाठी तुमची संमती लागते. तो कागद वाचून, विचारून मगच सही करा. माहिती तुमच्या लेकराची आहे. विचारलंत म्हणून कुणाला राग यायचं कारण नाही.

येत्या शनिवारी पुन्हा पालकसभा आहे. माझ्यामागे लपलेल्या त्या मुलाची वही मी त्याच्या बाबांसमोर उघडणार आहे. पानावर 35 खोडून 25 लिहिलंय, आणि शेजारी त्याने सुटलेल्या गठ्ठ्याच्या दहा काड्या काढल्यात.