गोरज मुहूर्त आणि मावळता प्रकाश

विवाहविधीत एक क्षण असा असतो की जो पुन्हा घडवून आणता येत नाही. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांस माळा घालतात. चित्रपटातील दृश्य बिघडले तर ते पुन्हा घेता येते. मुहूर्त पुन्हा येत नाही. म्हणून उघड्या अंगणातील विवाहाचे चलच्चित्रण करणाऱ्याने प्रकाशाच्या स्वभावाची ओळख आधीच करून घेतली पाहिजे. आकाशातला प्रकाश लहरी भासतो; परंतु त्याचे बहुतेक बदल नियमबद्ध आहेत आणि त्यांचा हिशेब आदल्या दिवशी मांडून ठेवता येतो.

आपल्या देशात चलच्चित्रणाचा आरंभच उन्हात झाला. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले, तेही उघड्यावरच. पुढे चित्रपट घेणाऱ्यांना प्रकाश अनुकूल असेल ती वेळ निवडण्याची मुभा मिळाली. विवाहाचे चित्रण करणाऱ्यास ती नसते. त्याची वेळ पंचांग ठरविते.

घड्याळ आणि सूर्य

रायपूर शहरातील तात्यापारा या जुन्या वस्तीचे उदाहरण घेऊ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढात आला. तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रांतात वसत आली आहेत. अशा घरी कार्य निघाले म्हणजे आप्तेष्ट नागपूर, पुणे, मुंबई येथून येतात, आणि त्यांच्याबरोबर क्वचित चित्रण करणाराही येतो. त्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही की, घड्याळ सर्व देशाचे एक असले तरी सूर्य एक वेळ पाळत नाही.

भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. रायपूर त्या रेषेच्या अगदी जवळ, तर मुंबई तिच्या बरीच पश्चिमेस आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे पावणेनऊ अंशांचे अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून केवळ रेखांशामुळे रायपूरचा सूर्यास्त मुंबईच्या आधी सुमारे ३५ मिनिटे होतो. ऋतुमानाप्रमाणे यात काही मिनिटांचा फरक पडतो. 'साडेसहाला भरपूर उजेड असतो' हा मुंबईचा अनुभव डिसेंबरातील रायपुरात काहीच कामाचा नाही. तेथे सूर्य साडेपाचच्याही आधी मावळलेला असतो.

डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही

भर उन्हात एखाद्या पृष्ठभागावर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. सूर्यास्ताच्या वेळी, आकाश निरभ्र असता, तो सुमारे ४०० लक्स उरतो. म्हणजे प्रकाश अडीचशे पटींनी घटला, तरी अंगणातील माणसाला तो इतका घटला असे वाटत नाही. डोळ्याची बाहुली रुंदावते, नेत्रपटल अधिक संवेदनक्षम होते आणि मेंदू रंगांची दुरुस्ती करून घेतो.

कॅमेऱ्यात हे काम मनुष्याने करावयाचे असते. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे या बदलास छायाचित्रकार एक 'स्टॉप' म्हणतात. त्यासाठी तीन साधने हाताशी आहेत: भिंगाचे छिद्र, प्रकाश आत घेण्याचा कालावधी आणि आयएसओ या आकड्याने दर्शविलेली संवेदनक्षमता. यांपैकी कालावधी चलच्चित्रणात फारसा बदलता येत नाही. सेकंदास २५ चित्रे घेताना प्रत्येक चित्रास १/५० सेकंद दिल्यास हालचाल स्वाभाविक दिसते. शिवाय आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० सेकंदाचा काळ ठेवल्यास ही लुकलुक चित्रात उतरत नाही.

आयएसओ १०० आणि १/५० सेकंद ठेवल्यास उन्हात छिद्र एफ/२२ इतके बारीक करावे लागते. छिद्र मोठे ठेवावयाचे असेल तर भिंगापुढे करड्या काचेची गाळणी लावावी. ही एनडी गाळणी प्रकाश कमी करते, पण रंग बदलत नाही.

दुपारचा मांडव

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात रायपुरात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा भुवयांची आणि मुंडावळ्यांची सावली थेट डोळ्यांवर पडते. यावर उपाय एकच: वधूवरांना एकसारख्या सावलीत उभे करावे आणि जमिनीलगत पांढरे कापड अंथरून खालून परावर्तित प्रकाश द्यावा. छताचे कापड शक्यतो पांढरे असावे. लाल किंवा पिवळ्या कापडातून झिरपलेला प्रकाश चेहऱ्यांनाही तोच रंग देतो आणि तो नंतर पुरता काढता येत नाही.

छत्तीसगढात बांबू व पानांचा 'मडवा' घालतात. त्याच्या फटींतून जमिनीवर पडणारे वाटोळे कवडसे या वस्तुतः सूर्याच्याच प्रतिमा होत. लहान छिद्र येथे भिंगाचे काम करते. दृश्य मनोहर असले तरी चेहऱ्यावर पडलेला कवडसा सावलीपेक्षा कित्येक पट उजळ असतो. पानांवर वरून पातळ कापड ताणले की तो दोष जातो.

ढग जाता-येता प्रकाश दोन-तीन स्टॉपनी बदलतो. अशा वेळी कॅमेऱ्याच्या स्वयंचलित योजनेवर विसंबू नये. होमाचा धूर किंवा पांढरे उपरणे समोर येताच ती सारे चित्र काळवंडून टाकते. उजळ भागाचे माप घेऊन योजना हाताने स्थिर करावी. पांढऱ्या वस्त्राचा पोत एकदा जळला की चित्रात तेथे काहीच उरत नाही.

संधिप्रकाशाची घटका

खरी कसोटी गोरज मुहूर्तावर लागते. सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतच्या काळास नागरी संधिप्रकाश म्हणतात. रायपूरच्या अक्षांशावर तो सुमारे २३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका टिकतो. तेवढ्यात प्रकाश ४०० लक्सवरून साडेतीन लक्सच्या घरात येतो. ही घट सुमारे सात स्टॉपची आहे; सरासरीने दर सव्वातीन मिनिटांस प्रकाश निम्मा होतो. आरंभी वेग मंद, नंतर अधिक असतो. मंगलाष्टके दहा मिनिटे चालली, तर पहिल्या अष्टकाचा प्रकाश अंतरपाट दूर होताना चौथ्या किंवा आठव्या हिश्श्यावर आलेला असतो. पुरोहितांकडे अष्टकांची संख्या आधी विचारून ठेवणे हा चित्रणाचाच भाग समजावा.

वधूवर पूर्व-पश्चिम उभे असतील तर सूर्य मावळण्यापूर्वी एकाचा चेहरा तांबूस उजेडात, तर दुसऱ्याचा अंधारात असतो. अंतरपाट पांढरा असल्याने तो परावर्तकाचे काम करतो. तो दूर होताच अंधारातला चेहरा आणखी काळवंडतो. म्हणून कॅमेरा उत्तरेस किंवा दक्षिणेस ठेवून अंधारलेल्या चेहऱ्याच्या बाजूस दुसरे पांढरे कापड आधीच धरावे.

रंगही याच वेळी पालटतो. क्षितिजावरील सूर्याचे किरण माथ्यावरील सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट अधिक हवा ओलांडून येतात. प्रकाशाचे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. त्यामुळे निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबडा शिल्लक राहतो. सूर्य बुडाला की उरतो तो केवळ आकाशाचा निळा प्रकाश. दिवे मात्र पिवळसर असतात. दोहोंचा मेळ घालण्यासाठी कॅमेऱ्याचे वर्णतापमान ४००० केल्व्हिनच्या आसपास स्थिर ठेवावे. दिवे सूर्यास्तापूर्वीच लावावेत; म्हणजे आकाश मंदावत जाते आणि दिव्यांचा उजेड हळूहळू पुढे येतो, एकदम धक्का बसत नाही.

एक प्रयोग

विवाहाच्या आदल्या सायंकाळी त्याच अंगणात, वधूवर उभे राहणार त्याच ठिकाणी, करडा पुठ्ठा ठेवावा. सूर्यास्तापूर्वी पंधरा मिनिटांपासून दर तीन मिनिटांनी त्यावरील प्रकाशाचे माप घेऊन वेळेसह लिहून काढावे. दुसऱ्या दिवशी आकाश तसेच असेल तर आकडे जवळजवळ तेच येतील. हा कागद खिशात असलेल्या माणसास गोरज मुहूर्तावर कॅमेऱ्याकडे वारंवार पाहावे लागत नाही. त्याची दृष्टी वधूवरांकडे राहू शकते.