जागल, पंचनामा आणि सरपंच

गावाजवळ वाघ दिसला की धारणी तालुक्यात पहिली गर्दी होते मोबाईलवाल्यांची, दुसरी पुढाऱ्यांची. अर्जाचा कोरा कागद मात्र कुणाच्याच खिशात नसतो. हा लेख त्या दुसऱ्या गर्दीसाठी आहे: सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसभेचे अध्यक्ष.

आधी भीतीचा हिशेब मांडा. रब्बीत पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, तर ओलिताला जाणार कोण? मग जंगलाकडच्या बांधाचा हरभरा पेरायचाच राहतो. रानडुकरं आणि रोही हाकलत रात्रभर जागल करणाऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. मार्च-एप्रिलात बाया पहाटे मोहफुलं वेचायला धजत नाहीत. घरात येणारा नगद पैसाही गेला. मेळघाटातून माणसं बाहेर पडतात त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण या एका कारणावर गावातूनच इलाज करता येतो.

धारणी तालुका पेसाखाली येतो, म्हणून ग्रामसभेपासून सुरुवात करा. वनरक्षकाला बोलावून गावातल्या पाच-सहा धीट पोरांचं प्राथमिक प्रतिसाद दल ठरवा. जनावर दिसलं की त्यांनी करायचं काम एकच: माणसांना लांब ठेवणं आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवणं. दवंडी कोरकूत द्या. मराठीतली सूचना म्हाताऱ्यांपर्यंत पोचली असं गृहीत धरू नका. मोहाला उजाडल्यावर, घोळक्यानं जायचं आणि एकीनं उभं राहून लक्ष ठेवायचं. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही.

आता पंचनामा, कारण खरी हार इथेच होते. गाय-बैल मारला गेला तर ४८ तासांच्या आत आणि पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवू नका. फोटोत जनावर, पायाचे ठसे आणि ओळखीचं झाड किंवा बांध एकत्र येऊ द्या. अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितल्याचा पुरावा राहत नाही. माणूस दगावला तर वारसांना २५ लाखांची मदत मिळते. त्या घरी सांत्वनाला जाताना कागदांची यादीही सोबत न्या.

अर्ज बरेचदा अडतो तो सातबाऱ्यावर. शेत कसतो नातू, नाव मेलेल्या आजाचं. वारसनोंद नुकसान झाल्यावर नाही, आत्ताच तलाठ्याकडे लावा. वनहक्काचा पट्टा असेल तर त्याची झेरॉक्स घरात ठेवायला सांगा.

कुंपणात वीज सोडणारा किंवा मेलेल्या जनावरावर विष टाकणारा आपल्याच मतदाराचा भाऊ असला, तरी पाठीशी घालू नका. त्या तारेला रात्री शेजारचाच माणूस चिकटतो, आणि वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळाच. त्याऐवजी बफरमधल्या गावांनी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाची मागणी ठरावानं करावी. ठरावात गट क्रमांक लिहा, नुसतं ‘गावाला कुंपण हवं’ नको.

राहिली कामाला बाहेर जाणारी घरं. मागे म्हातारी आणि गुरं उरतात. निघण्याआधी प्रत्येक घराकडून फोन नंबर लिहून घ्या, आणि आधार, पासबुक, सातबारा कुठल्या पेटीत आहे ते म्हातारीला माहीत आहे ना, हे तिच्यासमोरच विचारा.