लांब रजेचं कलम

सातारा

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. कुपवाडच्या कारखान्यात लागून वर्ष होतंय न होतंय तोच मालकांनी नेमणूकपत्राचा नवा मसुदा तुझ्यावर सोपवला, हे वाचून फार बरं वाटलं. पगार, पाळ्या, नोटिशीची मुदत ही कलमं तू जुन्या मसुद्यावरून उतरवून घेतलीस आणि लांब रजेपाशी अडलीस. तिथे एकच ओळ आहे म्हणतेस : 'दीर्घ रजा व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार देण्यात येईल.' ती ओळ काढून टाक. तिच्या जागी काय लिहायचं आणि का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांचा एक पाय कायम गावात असायचा. पेरणीला, सुगीला, घरातल्या आजारपणाला ती गावी यायची आणि महिना-दोन महिने राहायची. परत गेल्यावर जागा मिळणार की नाही, ते जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या हातात. त्याचा हात ओला केला तर काम, नाहीतर रोज सकाळी गिरणीच्या दारात बदली म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी काम मिळेल या आशेने, उभं राहायचं. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात म्हटलं की, कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो नियमित करावा. मुंबईच्या गिरणीमालक संघाने 1935 मध्ये बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आणली, ती जॉबरच्या मनमानीला आळा घालण्यासाठीही होती. भरपगारी सुट्टी कारखान्यांच्या कायद्यात यायला मात्र 1945 साल उजाडावं लागलं. आता तू 'मर्जीनुसार' लिहिलंस, तर जॉबरच्या खुर्चीत सुपरवायझर बसेल, एवढाच बदल होईल.

कायदा कुठवर साथ देतो, ते आधी पक्कं करून घे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. पूर्वी हक्काच्या भरपगारी रजेसाठी वर्षात 240 दिवस भरावे लागत, आता 180 पुरतात. पण हिशोब तोच, वीस दिवस कामामागे एक दिवस रजा. म्हणजे 300 दिवस हजेरी लावणाऱ्याला 15 दिवस मिळतात. बाळंतपणासाठी पहिल्या दोन अपत्यांपर्यंत 26 आठवडे आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असलेल्या कामगाराला स्वतःच्या आजारपणात वर्षाला 91 दिवस 70 टक्के दराने लाभ मिळतो आणि क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत पुढे दोन वर्षांपर्यंत 80 टक्के दराने. यातलं काहीही करारात कमी करता येत नाही, हे मालकांना पहिल्याच बैठकीत सांग.

पण वडिलांना अर्धांगवायू झाला, मुलाला मिरजेला ऑपरेशनसाठी ठेवलं, ऑगस्ट 2019 सारखं कृष्णेचं पाणी घरात शिरलं किंवा एखाद्या डिप्लोमावाल्या पोराला पुढे शिकायला प्रवेश मिळाला, तर तीन महिने सोडा अशी तरतूद या कायद्यात नाही. तिथे माणसाच्या हातात उरतं ते फक्त नेमणूकपत्र. म्हणून म्हणतो, हे कलम म्हणजे जागा राखून ठेवण्याचं लेखी वचन आहे, असं समजून लिही.

माझ्या नोकरीच्या काळात जत तालुक्यातला एक टर्नर होता. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा त्याने सुपरवायझरला सांगितलं, 'दोन-तीन महिने लागतील.' सुपरवायझर म्हणाला, 'जा, नंतर बघू.' कागद कुणीच केला नाही. तो परतला, तेव्हा मस्टरवर रोज खाडा पडून शेवटी नाव कमी झालं होतं आणि त्याच्या लेथवर दुसरा मुलगा उभा होता. वॉचमनच्या केबिनपाशी तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन थांबलेला असायचा. पिशवीत दवाखान्याचे केसपेपर, औषधांची बिलं, एस.टी.ची तिकिटं, सगळं जपून ठेवलेलं. त्यातल्या एकाही कागदावर कारखान्याची सही नव्हती. खोटं कुणीच बोलत नव्हतं, तरी त्याची नोकरी गेली.

म्हणून कलमातली पहिली गोष्ट अर्ज आणि उत्तर. अर्ज कुणाकडे द्यायचा, किती दिवस आधी द्यायचा आणि किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल, हे आकड्यांत लिही. संकट सांगून येत नाही, म्हणून तातडीच्या वेळी फोनवरचा निरोप चालेल आणि कागद आठवड्याभरात पोचवावा, असंही लिही. मंजुरीच्या पत्रात रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि हजर होण्याची तारीख, तिन्ही हवीत. नकाराचा अधिकार मालकांकडे राहू दे, पण कारण लेखी द्यायला लाव. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 एकदा वाचून काढ. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे त्यातही आहे. पण अधिकारी रजा नाकारू शकला, तरी मागितलेल्या रजेचा प्रकार परस्पर बदलू शकत नाही. अर्जित, अर्धवेतनी, असाधारण अशी पायरी पायरीने रचना आहे. खात्यावरची शिल्लक संपली, तरी बिनपगारी असाधारण रजेची वाट राहते, आणि कोणतीही रजा सलग पाच वर्षांपलीकडे जात नाही. तुमच्या कारखान्याला एवढा पसारा नको, पण ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथे फार बारकाईने बघ. बिनपगारी रजेत पगार नाही म्हणून प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणी भरली जात नाही, हे बहुतेकांना कळतं. पण कामगाराचा पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जात असतो. पगार थांबला की हप्ता थकतो, दंड चढतो आणि जामीन राहिलेल्या सोबत्याच्या घरी नोटीस जाते. ईएसआयबाहेरच्या कर्मचाऱ्यांना कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा असेल, तर रजेच्या काळात त्याचा हप्ता कोण भरणार, हेही ठरव. घरात माणूस दवाखान्यात असताना नेमका तेव्हाच विमा बंद पडला, असं होता कामा नये. कंपनीने हप्ता भरावा आणि माणूस परतल्यावर थोडा थोडा वळता करून घ्यावा, असं मालकांना सुचव. त्यांच्यावर फार बोजा नाही आणि कामगाराचा मोठा आधार आहे.

तिसरी गोष्ट परतण्याची. 'त्याच किंवा समान दर्जाच्या जागेवर, कमी नसलेल्या पगारावर' हे शब्द जसेच्या तसे घाल. सीनियॉरिटी मोडणार नाही, हे लिही. वेतनवाढ पुढे ढकलली जाणार असेल तर तेही लिही, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मंजूर रजेने ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा तुटत नाही, हे कायद्यातच आहे. तरी कलमात एक वाक्य असू दे, म्हणजे कुणी भीती घालणार नाही. रजेच्या काळात त्या जागी ज्याला घ्याल, त्याच्या पत्रात 'रजेच्या जागी, अमुक तारखेपर्यंत' असं स्वच्छ लिही. त्या पोरालाही खोटी आशा लावू नये.

चौथी गोष्ट मुदत उलटण्याची. अनेक नेमणूकपत्रांत असतं की, आठ दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपली असं समजलं जाईल. डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज हा खटला वाच. स्थायी आदेशातल्या अशाच कलमावर बोट ठेवून 12 डिसेंबर 1980 च्या पत्राने त्या कामगाराला काढलं होतं. त्याचं म्हणणं असं की, मी रोज येत होतो, मला गेटवरच अडवलं. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये सांगितलं की, माणसाचं म्हणणं ऐकून न घेता, चौकशी न करता त्याची उपजीविका अशी काढून घेता येत नाही. त्याला निम्म्या मागील वेतनासह कामावर घ्यायला लावलं. तेव्हा 'आपोआप' हा शब्द तुझ्या मसुद्यात येऊ देऊ नकोस. घरच्या पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालाने पत्र, खुलाशाला मुदत आणि मग चौकशी, हा क्रम लिही.

कामगाराचं कर्तव्यही तितक्याच स्पष्ट शब्दांत आलं पाहिजे. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजी परंपरेची गावं असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. रजेवर आलेला जवान परतीच्या गाडीची तारीख मनात धरूनच घरी राहतो, कारण पुरेशा कारणाशिवाय रजा उलटून राहणं हा सैन्याच्या कायद्यात गुन्हा आहे. कारखान्यात इतकं कडक नको. पण रजा वाढवायची तर ती संपण्याआधी अर्ज हवा, पत्ता किंवा फोन बदलला तर कळवायला हवं, आणि आजारपणाची रजा घेऊन दुसरीकडे नोकरी करणं चालणार नाही, हे नि:संकोच लिही. प्रामाणिक माणसाला त्याचा जाच होत नाही.

मालक म्हणतील, इतकं मोकळं लिहिलं तर सगळेच रजा मागतील. त्यांना सांग, तीन महिने बिनपगारी घरी बसायची हौस कुणाला नसते. ज्याचा गॅस, किराणा आणि पोरांची फी पगारावर चालते, तो अगदीच इलाज नसल्याशिवाय असा अर्ज करत नाही. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. तो तीन महिन्यांसाठी कायमचा गमावणं कारखान्यालाच महाग पडतं.

शेवटचं सांगणं. नेमणूकपत्र इंग्रजीत असलं, तरी हे कलम मराठीत जोडून दे. मसुदा झाला की दुसरी पाळी सुटताना दोन-चार जुन्या माणसांना तो वाचून दाखव. ते जे जे विचारतील त्याचं उत्तर कलमात नसेल, तर ते घातल्याशिवाय मसुदा मालकांच्या टेबलावर नेऊ नकोस. आणि कुणी रजा मागायला तुझ्यासमोर आला, तर त्याला आधी बसायला सांग आणि अर्ज तिथेच लिहून घेऊन पोच दे. तू जागेवर असशील-नसशील, ती पोच त्याच्यापाशी राहील.

तुझ्या आई-वडिलांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
मामा