गाडीचे डोळे

पहाटेचे साडेतीन वाजले होते. माझा पुतण्या सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात सीताफळे घेऊन निघाला होता. मी पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसलो होतो. दिवे घाट अजून लागायचा होता. एकाएकी त्याने करकचून ब्रेक दाबला. समोर कडब्याने भरलेली बैलगाडी! मागे ना कंदील, ना चकाकणारी पट्टी. आमची गाडी दहा-बारा फुटांवर कशीबशी थांबली.

पुतण्या बैलगाडीवाल्यावर ओरडू लागला. मी त्याला म्हटले, "अरे, आधी खाली उतर आणि आपले दिवे बघ." दिव्यांच्या काचा पिवळ्या, धुरकट झाल्या होत्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तशा. आत बल्ब चांगला जळत होता. पण उजेड बाहेर येतो कुठे?

आपण काच म्हणतो, पण ही काच नव्हे. जुन्या जीपला खरी काच असे. ती दगडाने फुटे, पण पिवळी पडत नसे. आताच्या बहुतेक गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. ते जर्मनीत १९५३ साली तयार झाले. ते हलके असते आणि सहसा फुटत नाही. पण ऊन त्याला सोसत नाही. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. त्या किरणांनी हे प्लॅस्टिक पिवळे पडते. म्हणून कारखान्यात त्यावर पातळ, पारदर्शक लेप देतात. रस्त्यावरची वाळू, बारीक खडी आणि धूळ हा लेप घासून काढते. लेप गेला की ऊन आपले काम करते.

नुसत्या दिसण्याचा प्रश्न असता, तर मी हा धडा लिहिला नसता. जरा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते. बैलगाडी दिसायला एकच सेकंद उशीर झाला, तर ५५ फूट रस्ता फुकट गेला. ब्रेक तर अजून लागायचाच आहे. शिवाय धुरकट दिव्याचा उजेड इकडेतिकडे पसरतो. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

तेव्हा काळजी कशी घ्यावी? गाडी सावलीत उभी करावी. निदान तोंड उन्हाकडे करू नये. दिव्यावरची धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आधी भरपूर पाणी ओतावे, मग साबणाच्या पाण्याने मऊ कापड हलके फिरवावे. रॉकेल, पेट्रोल, थिनर मुळीच लावू नये. त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. खडीच्या ट्रकमागे चिकटून गाडी चालवू नये. त्याच्या चाकातून उडालेला खडा थेट दिव्यावर येतो.

पुतण्याला कोणीतरी टूथपेस्ट घासायला सांगितले होते. त्याने घासलीही. दिवा चकचकीत झाला, पोरगा खूश! पण टूथपेस्टमध्ये बारीक भुकटी असते. तिने पिवळेपणाबरोबर उरलासुरला लेपही खरवडला. थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा पिवळा.

खरा उपाय असा. पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर घ्यावा. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, असा क्रमाने घासावा. दिवा आधी पांढुरका दिसेल, घाबरू नये. मग पॉलिश करावे. शेवटी अतिनील किरण अडवणारा नवा लेप द्यावा. ही शेवटची पायरी गाळली, तर सारी मेहनत पाण्यात. आपल्याला जमत नसेल तर कारागिराकडून करून घ्यावे, पण लेप दिला का, ते विचारावे. पिवळेपणा किंवा पाणी आतल्या बाजूने असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही.

काही जण दिव्यावर रंगीत कागद चिकटवतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. तिथे वाहनांची आणि दिव्यांची परीक्षा होते. परीक्षेत पास झालेल्या दिव्यावर आपण कागद चिकटवायचा, म्हणजे पास झालेल्या पोराला घरी आणून नापास करायचे!

दिवा साफ झाला की रात्री गाडी भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करावी. खालचा दिवा लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली पाहिजे. एका बाजूचा उजेड अंधुक किंवा फार वर दिसला, तर रात्रीच्या फेरीआधी मिस्त्रीला दाखवावा.